डीव्हीडी तबकडीवरील दोन निर्बंध : प्रदेशांक आणि कूटलेखन

१. विषय आणि त्याची मर्यादा

भाषेच्या अभ्यासकाला लागणारे साहित्य केवळ ग्रंथालयाच्या फडताळात सापडते, अशी स्थिती आता राहिलेली नाही. नाटकाचा चित्रित प्रयोग, चित्रपटातील संवाद, एका भाषेतील चित्रपटाचे दुसऱ्या भाषेत झालेले डबिंग, पडद्याच्या तळाशी उमटणारी उपशीर्षके ही सर्व आज संशोधनाची साधने झाली आहेत. त्यांपैकी बरेचसे साहित्य गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डीव्हीडी या तबकडीवर प्रसिद्ध झाले. पुष्कळदा ते इतर कोणत्याही स्वरूपात उपलब्ध नसते. परदेशातून आणलेली अशी एखादी तबकडी आपल्या यंत्रात घातली असता 'या प्रदेशासाठी नाही' अशा अर्थाची सूचना झळकते आणि काम थांबते. ही अडचण तांत्रिक आहे की कायदेशीर, ती ओलांडणे शक्य आहे काय, आणि शक्य असल्यास योग्य आहे काय, हे प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात.

या प्रश्नांची उत्तरे देताना दोन भिन्न गोष्टींची गल्लत होत असल्याचे दिसून येते. एक म्हणजे रीजन कोड; त्यास या लेखात प्रदेशांक म्हटले आहे. दुसरी म्हणजे तबकडीवरील मजकुराचे कूटलेखन. पहिली खूण आहे, दुसरे कुलूप आहे. खुणेला स्वतःचे बळ नसते; ते तिला कुलपाकडून मिळते, आणि कुलपाला ते परवान्याच्या करारातून मिळते. हा संबंध उलगडून दाखविणे आणि आपल्या विभागाच्या संग्रहाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय ते सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रदेशांचा नकाशा

डीव्हीडी प्लेअर प्रथम जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ मध्ये विक्रीस आले. त्या काळी एखादा अमेरिकन चित्रपट स्वदेशी चित्रपटगृहांत लागल्यानंतर इतर देशांत पोहोचण्यास कित्येक महिने लागत. अमेरिकेत त्याची तबकडी निघाली, पण युरोपात तो अद्याप पडद्यावरच यावयाचा आहे, असे घडणे सहज शक्य होते. शिवाय प्रत्येक देशातील वितरणाचे हक्क निरनिराळ्या व्यक्तींना विकले जात आणि किंमतीही निरनिराळ्या असत. एका बाजारपेठेतील तबकडी दुसऱ्या बाजारपेठेत चालू नये, अशी चित्रपटसंस्थांची मागणी होती, आणि प्रदेशांकाची योजना तीतून जन्मास आली.

या योजनेत जगाचे सहा भौगोलिक विभाग केले गेले. पहिल्यात अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा, दुसऱ्यात पश्चिम व मध्य युरोप, जपान, पश्चिम आशिया, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका, तिसऱ्यात आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान व हाँगकाँग, चौथ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि मेक्सिकोसह लॅटिन अमेरिका, पाचव्यात भारत व त्याचे शेजारी, रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग, सहाव्यात चीन. सातवा क्रमांक राखून ठेवला होता, आणि आठवा विमाने व जहाजे यांसाठी होता.

हा नकाशा भाषांचा नव्हे, हे भाषाभ्यासकाच्या लगेच ध्यानात येईल. स्पॅनिश भाषा माद्रिदमध्ये दुसऱ्या प्रदेशात, मेक्सिकोत चौथ्या प्रदेशात आणि पोर्तो रिकोत पहिल्या प्रदेशात मोडते. पोर्तुगीज भाषेचे पोर्तुगाल, ब्राझील व अंगोला असे तीन तुकडे होतात. कोरियन भाषा तर एकाच द्वीपकल्पावर तिसऱ्या आणि पाचव्या प्रदेशांत विभागलेली आहे. मराठीची गतही निराळी नाही. महाराष्ट्र व गोवा पाचव्या प्रदेशात आहेत, अमेरिकेतील मराठी कुटुंबे पहिल्या, इंग्लंडमधील तसेच इस्रायलमधील मराठी भाषक दुसऱ्या, आणि ऑस्ट्रेलियातील चौथ्या प्रदेशात. एकाच भाषेचा समाज अशा रीतीने चार कप्प्यांत वाटला जातो. भारतीय चित्रपटांच्या अनेक तबकड्या 'सर्व प्रदेशांसाठी' काढल्या गेल्या, याचे कारण येथेच शोधले पाहिजे. ज्या प्रकाशकाचा ग्राहक जगभर विखुरलेला आहे, त्याला प्रदेशांकाची भिंत उपयोगाची नसून अडचणीची असते.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. दूरचित्रवाणीच्या चित्रपद्धतीतील भेद, म्हणजे भारतात रूढ असलेली पाल ही ६२५ ओळींची पद्धत आणि अमेरिका व जपान यांची एनटीएससी ही ५२५ ओळींची पद्धत, हा प्रदेशांकाहून वेगळा विषय आहे. जपान व फ्रान्स हे दोन्ही देश दुसऱ्या प्रदेशात असूनही त्यांच्या चित्रपद्धती भिन्न होत्या. तबकडी चालली नाही म्हणजे दोष प्रदेशांकाचाच, असे गृहीत धरू नये.

३. एका बाइटचे व्याकरण

प्रदेशांक तबकडीवर नेमका कोठे असतो? तबकडीच्या मुख्य माहितीकोशात एक बाइट, म्हणजे आठ बिटांची एक ओळ, या कामी राखून ठेवलेली असते. प्रत्येक बिट एका प्रदेशाचा. वाचण्याच्या सोयीसाठी पहिल्या प्रदेशाचे स्थान डावीकडे धरले, तर केवळ भारताच्या प्रदेशासाठी काढलेल्या तबकडीवर ११११०१११ अशी नोंद असते, आणि केवळ अमेरिकेच्या प्रदेशासाठी काढलेल्या तबकडीवर ०१११११११ अशी असते.

या नोंदीत १ चा अर्थ 'चालेल' असा नसून 'चालणार नाही' असा आहे. वेष्टनावरील गोलाच्या चित्रात छापलेला ५ हा आकडा अनुज्ञा सांगतो. आतील बाइट निषेध सांगतो. आठही जागी शून्य असेल तर कोणताच निषेध उरत नाही आणि तबकडी सर्वत्र चालते. अशा तबकडीला लोक 'शून्य प्रदेशाची' म्हणतात. शून्य नावाचा प्रदेश योजनेत कोठेही नाही. निषेधाचा अभाव म्हणजे शून्य, आणि त्या अभावालाच पुढे प्रदेशाचे नाव मिळाले. शब्दार्थाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत.

परंतु ही आज्ञा पाळावयाची कोणी? तबकडीवरील चित्र व ध्वनी या बाइटमुळे यत्किंचितही बदलत नाहीत. प्लेअरने तो बाइट वाचला, आपल्या स्मृतीतील प्रदेशाशी ताडून पाहिला आणि विसंगती आढळताच चित्र दाखविण्याचे नाकारले, तरच निर्बंध अस्तित्वात येतो. जो प्लेअर तो बाइट वाचतच नाही, त्याच्यापुढे ही आज्ञा निरर्थक आहे. घरगुती प्लेअरांपैकी कित्येकांमध्ये रिमोटच्या कळा विशिष्ट क्रमाने दाबून प्रदेशाची तपासणी बंद करता येई, हे सर्वश्रुत आहे.

संगणकाच्या बाबतीत निर्बंध अधिक कडक केला गेला. १ जानेवारी २००० नंतर बनलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेशाची नोंद खुद्द ड्राइव्हच्या आत ठेवण्याचे ठरले. वापरणाऱ्यास ती पाचच वेळा बदलता येते. पाचव्या बदलानंतर जो प्रदेश असेल तो कायमचा होतो. अशा ड्राइव्हला विसंगत प्रदेशाची तबकडी दिली तर तो तीवरील कुलपाची किल्ली संगणकाच्या हाती देत नाही. मात्र तबकडीवर कुलूपच नसेल, तर अडवून ठेवण्यासारखी किल्लीही नसते, आणि तबकडीवरील मजकूर वाचला जातो. खुणेचे बळ कुलपावर अवलंबून आहे, हे विधान येथे प्रत्यक्ष पडताळून पाहता येते.

४. कुलूप आणि किल्ल्या

कूटलेखनाच्या या पद्धतीचे नाव कन्टेन्ट स्क्रॅम्बल सिस्टिम, संक्षेपाने सीएसएस. तिची रचना एकात एक ठेवलेल्या पेट्यांसारखी आहे. चित्र व ध्वनी यांची माहिती २०४८ बाइटांच्या खंडांत साठविलेली असते, आणि त्यांतील अनेक खंड कूटरूपात असतात. ते उलगडण्यास शीर्षक-किल्ली लागते. शीर्षक-किल्ली स्वतः कूटरूपात असून ती उलगडण्यास तबकडी-किल्ली लागते. तबकडी-किल्लीच्या चारशेहून अधिक कूटप्रती तबकडीच्या आरंभीच्या गुप्त भागात असतात. प्रत्येक प्रत एकेका प्लेअर-किल्लीने बंद केलेली. परवाना घेणाऱ्या उत्पादकास यांपैकी एखादी प्लेअर-किल्ली मिळते.

यावरून सीएसएसचे खरे कार्य स्पष्ट होते. ते नक्कल थांबवीत नाही. तबकडीवरील प्रत्येक बिट जशाच्या तसा दुसऱ्या तबकडीवर उमटविला, तर कुलूप व किल्ल्या या दोहोंचीही नक्कल होते. सामान्य कोऱ्या तबकडीवर किल्ल्यांचा गुप्त भाग लिहिता येऊ नये अशी सोय असल्यामुळे घरगुती नक्कल अडते. पण ज्याच्याजवळ तबकड्या छापण्याचा कारखाना आहे, अशा व्यापारी नक्कलकाराला ही अडचण नसते. ज्याच्यापासून सर्वांत मोठे नुकसान संभवते, त्याच्यावर या उपायाचा परिणाम सर्वांत कमी, असा हा प्रकार आहे.

मग कुलूप कशासाठी? प्लेअर बनविण्याची मुभा परवाना घेणाऱ्यासच राहावी यासाठी. परवाना घ्यावयाचा म्हणजे त्याच्या अटी मान्य करावयाच्या. प्रदेशांक पाळणे, व्हीसीआरवर उतरविलेली प्रत बिघडविणारा संकेत बाहेरच्या तारेत मिसळणे, इत्यादी अटी त्यांत येतात. साखळी अशी आहे : करार उत्पादकाला बांधतो, उत्पादक यंत्राला बांधतो, आणि यंत्र वाचकाला बांधते. तबकडीवरील संहितेत निर्बंधाचे बीज असते हे खरे, परंतु निर्बंध प्रत्यक्षात घडतो तो वाचणाऱ्या यंत्रात. तुलनेसाठी व्हीसीडीचे उदाहरण घ्यावे. कित्येक मराठी नाटके व चित्रपट व्हीसीडीवर निघाले. त्या तबकडीच्या मानकात प्रदेशांकही नव्हता आणि कूटलेखनही नव्हते. म्हणूनच ती आजही कोणत्याही संगणकावर विनासायास वाचता येते.

५. कुलूप उघडले ते कसे

सीएसएसची किल्ली ४० बिटांची होती. एवढ्या लांबीच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात, आणि १९९६ सालीही ही संख्या सुरक्षित मानण्याजोगी नव्हती. शिवाय पद्धत गुप्त ठेवली होती. ज्या कूटपद्धतीची सुरक्षितता केवळ तिच्या गुप्ततेवर अवलंबून असते ती टिकत नाही, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून कूटशास्त्रात मान्य झालेले आहे. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतील योन लेक योहान्सेन या पंधरा वर्षांच्या मुलाने व त्याच्या दोन अज्ञात सहकाऱ्यांनी तयार केलेला डीसीएसएस हा प्रोग्राम प्रसिद्ध झाला. एका संगणकीय प्लेअरमध्ये त्याची किल्ली नीट लपविलेली नव्हती. ती हाती आल्यावर पुढील मार्ग मोकळा झाला. लवकरच फ्रँक स्टीव्हनसन यांनी दाखवून दिले की, कूटरचनाच इतकी दुबळी आहे की कोणतीही प्लेअर-किल्ली हाती नसतानाही तबकडी-किल्ली शोधता येते, आणि त्यासाठी सुमारे ३ कोटी ३६ लाख पायऱ्यांची आकडेमोड पुरते. साध्या संगणकाला हे काम क्षणांचे आहे.

नॉर्वेमध्ये योहान्सेनवर खटला झाला. २००३ च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीतील मजकुरापर्यंत पोहोचणे म्हणजे परक्या मालमत्तेत शिरणे नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

६. प्रोग्राम ही भाषा आहे काय?

अमेरिकेत मात्र निकाल उलट लागला. तेथील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने कुलूप उघडण्याची साधने पुरविण्यास बंदी घातली होती. त्या आधारे चित्रपटसंस्थांनी '२६००' या नियतकालिकाच्या प्रकाशकांविरुद्ध दावा लावला, आणि न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी २००० च्या ऑगस्टमध्ये तो मान्य केला. २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा खटला मुद्दाम अभ्यासावा असा आहे. प्रतिवादी पक्षाचे म्हणणे असे की, प्रोग्राम हे एक लेखन आहे आणि लेखनाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड टुरेट्झ्की यांनी त्या प्रोग्रामची अनेक रूपांतरे एकत्र मांडली : तीच कृती साध्या इंग्रजी गद्यात, गणिताच्या चिन्हांत, कपड्यावर छापलेल्या मजकुरात. सेथ शोएन यांनी तर ती हायकूंच्या मालिकेत बांधली. प्रश्न असा उभा राहिला : यांपैकी कोणते रूप निषिद्ध आणि कोणते अनुज्ञेय? यंत्राला समजणारे लेखन हत्यार ठरते आणि माणसाला समजणारे तेच लेखन वाङ्मय ठरते, तर सीमारेषा ओढावयाची कोठे?

न्यायालयाने दिलेले उत्तर सूक्ष्म आहे. प्रोग्राम ही अभिव्यक्ती आहे, हे त्याने मान्य केले. पण तिला एक कार्यात्मक अंगही आहे, आणि कायदा त्या अंगापुरताच लागू होतो, असे म्हटले. उच्चारताच कृती घडविणाऱ्या वाक्यांचा विचार ऑस्टिन यांच्यापासून आपल्या शास्त्रात चालत आलेला आहे. 'मी वचन देतो' हे वाक्य केवळ माहिती सांगत नाही, ते वचन घडविते. मात्र ते घडण्यास ऐकणारा समाज लागतो. प्रोग्रामला त्या समाजाऐवजी यंत्र लागते. हा भेद ध्यानात घेतला तर न्यायालयाची अडचण अधिक चांगली कळते.

७. भारतातील स्थिती

आपल्याकडे हा विषय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. नव्या कलम ६५अ प्रमाणे, या कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी योजलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो कोणी त्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने चुकवील, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथील कळीचा शब्द 'उद्देश' हा आहे. अमेरिकन कायदा मूलतः कृतीकडे पाहतो. भारतीय कायदा हेतूकडे पाहतो. याच कलमाचा पुढील भाग सांगतो की, कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या प्रयोजनासाठी असे करण्यास आडकाठी नाही. मात्र दुसऱ्याला या कामी साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

हे कलम ५२ बरोबर वाचावयाचे आहे. संशोधनासह खाजगी वा वैयक्तिक उपयोग, टीका व समीक्षा यांसाठी केलेला रास्त वापर हा तेथे हक्कभंग मानलेला नाही. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेले पुनरुत्पादनही तसेच. म्हणून प्रबंधासाठी संवादांचे दहा उतारे काढणारा विद्यार्थी आणि संपूर्ण चित्रपट उतरवून वाटणारा मनुष्य हे दोघे एकाच साधनाचा उपयोग करीत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत.

प्रदेशांकाविषयी तर आणखी मूलभूत शंका घेता येते. विकत घेतलेली अस्सल प्रत कोणत्या देशात पाहावी हे ठरविण्याचा अधिकार कलम १४ मधील हक्कांच्या यादीत नाही. मग प्रदेशांक 'हक्कांच्या रक्षणासाठी' आहे असे कसे म्हणावे? ऑस्ट्रेलियाने २००६ च्या आणि न्यूझीलंडने २००८ च्या कायद्यात बाजारपेठेच्या विभागणीसाठी योजलेली अशी युक्ती संरक्षणातून स्पष्टपणे वगळली. आपल्या कायद्यात असे स्पष्ट शब्द नाहीत. परंतु त्याचा रोख तोच आहे, असे मला वाटते.

एका बाबतीत मात्र कायदा अपुरा पडतो. सार्वजनिक ग्रंथालयाने जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठविण्याची मुभा कलम ५२ देते, पण ग्रंथालयाजवळ त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत असेल तरच. डीव्हीडी ही मूळचीच डिजिटल असल्याने ती या तरतुदीच्या शब्दांत बसत नाही. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून बनविलेली असते. चिकटविणारा थर सुटला किंवा परावर्तक धातू गंजला की ती वाचता येत नाही. शतकापूर्वीचे पुस्तक राखण्यास कायदा साह्य करतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या तबकडीबाबत मौन पाळतो, अशी ही विसंगती आहे.

८. संशोधनाच्या दृष्टीने

तबकडीवरील भाषिक साहित्याविषयी दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. एक, उपशीर्षके तेथे अक्षररूपाने नसून चित्ररूपाने असतात. त्यामुळे देवनागरी कशीही जोडाक्षरे असली तरी नीट दिसते. पण शब्द शोधावयाचा वा मोजावयाचा असेल, तर आधी त्या चित्रांवरून मजकूर ओळखून घ्यावा लागतो. असे करण्यास तबकडीवरील मूळ माहितीपर्यंत पोहोचणे अपरिहार्य असते, म्हणजेच कुलपाचा प्रश्न येतोच. दोन, तबकडीवर आठपर्यंत ध्वनिमार्ग व बत्तीसपर्यंत उपशीर्षकमालिका ठेवता येतात, आणि प्रत्येकीची भाषा आंतरराष्ट्रीय मानकातील दोन अक्षरांच्या संकेताने नोंदविली जाते. मराठीचा संकेत 'एमआर' असा आहे. कोकणीला दोन अक्षरांचा संकेतच नाही. तिचा संकेत तीन अक्षरांचा असून तो पुढे आलेल्या मानकात आहे. परिणामी कोकणी चित्रपटाची तबकडी आपली भाषा स्वतःच्या नावाने सांगू शकत नाही. संग्रहाची सूची करणाऱ्याने केवळ यंत्राने दाखविलेल्या भाषानामावर विसंबू नये, ते यासाठी.

आपल्या विभागाने पुढील व्यवस्था करावी, अशी सूचना आहे. प्रत्येक तबकडीच्या नोंदीत प्रदेशांक, चित्रपद्धती, प्रत्यक्ष ऐकून ठरविलेली ध्वनिमार्गांची भाषा आणि खरेदीचा पुरावा यांची नोंद असावी. प्रयोगशाळेतील एक ड्राइव्ह पाचव्या, एक पहिल्या आणि एक दुसऱ्या प्रदेशासाठी कायम नेमून द्यावा, म्हणजे पाच बदलांची मर्यादा कोणत्याही ड्राइव्हच्या बाबतीत खर्ची पडणार नाही आणि बहुतेक कामास कुलपाला हात लावण्याची गरजच भासणार नाही. जेथे उतारे काढणे आवश्यक असेल, तेथे विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, प्रबंधाचा विषय आणि उताऱ्यांची लांबी एका वहीत लिहून घ्यावी. कलम ६५अ ला हेच अपेक्षित आहे. नव्या लॅपटॉपांत डीव्हीडी ड्राइव्ह सहसा नसतो. म्हणून चालू स्थितीतील जुने ड्राइव्ह मोडीत न काढता राखून ठेवावेत. संग्रहातील तबकड्यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि जी तबकडी बिघडू लागली असेल तिची दुसरी अस्सल प्रत बाजारात मिळते आहे तोवरच ती घेऊन ठेवावी.